लांब शॉकअप, तीनशेचा टायर: या गाड्या चालवायच्या की नुसत्या बघायच्या?

डुगडुग

आमच्या रायडिंग ग्रुपवर एकाने अमेरिकेतल्या कुठल्याशा शोमधल्या चॉपरचा, म्हणजे कापून-जोडून पुढून लांब केलेल्या मोटरसायकलचा, फोटो टाकला. पुढचं चाक फोटोच्या चौकटीत मावत नव्हतं. मागे ३०० मिलिमीटर रुंदीचा टायर, मागे शॉकअप नाही, पुढे ब्रेक नाही, टाकी तळहातावर मावेल एवढी. लगेच दोन तट पडले. अर्धे म्हणाले, 'काय कडक गाडी आहे!' अर्धे म्हणाले, 'ही घेऊन संध्याकाळी सातला सिंहगड रोडने जाऊन दाखव.' मी दुसऱ्या तटातला.

माझं म्हणणं एवढंच की ज्या गाडीला यू-टर्नला मैदान लागतं ती गाडी नाही, शिल्प आहे. हे टोमणा म्हणून म्हणत नाही. डॉजने २००३ साली डेट्रॉइटच्या शोमध्ये टोमाहॉक आणली होती आठवते का? व्हायपर कारचं ८.३ लिटरचं व्ही-१० इंजिन, ५०० हॉर्सपॉवर, चार चाकं, वजन ६८० किलोच्या घरात. ताशी ३०० मैलांच्या वर जाईल असं छातीठोक सांगितलं होतं, तो वेग कुणी गाठून दाखवला नाही. नंतर हातावर मोजण्याइतक्या विकल्या, ५ लाख ५५ हजार डॉलरला एक, आणि त्याही 'चालतं शिल्प' म्हणून. रस्त्यावर काढायची परवानगीच नाही. खुद्द कंपनी शिल्प म्हणते तर बाकीच्यांनी एवढं मनाला का लावून घ्यावं?

तर प्रश्न असा: असल्या टोकाच्या गाड्या कुणी खरोखर चालवतं का? स्वतः चालवलेल्यांनी किंवा बनवलेल्यांनी लिहावं. यूट्यूबवर बघितलेल्यांनी जरा दमानं.

काकाश्री

बसतो पॉपकॉर्न घेऊन.

बादवे, आमच्या वेळची राजदूत किक मारताना उलटली की पोटरी फोडायची. तिला कुणी 'प्रॅक्टिकल आहे का' विचारलं नाही. गाडी होती, एवढंच पुरे होतं.

लेथमशीन

भोसरीत आयुष्य लेथवर गेलं, त्यामुळे फोटोपेक्षा माप बोलतो. लांबेल, सांभाळून घ्या.

पुढच्या चाकाचे दोन आकडे महत्त्वाचे. रेक म्हणजे स्टीअरिंगची दांडी उभ्या रेषेपासून किती मागे कलली आहे तो कोन. ट्रेल म्हणजे त्याच दांडीची रेष खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती जिथे टेकते आणि टायर जिथे टेकतो, या दोन जागांमधलं अंतर. रेष पुढे, टायर मागे. टायर रेषेच्या मागून ओढला जातो म्हणून गाडी धावताना आपोआप सरळ राहते. स्पोर्ट्स बाइकला रेक २३ ते २५ अंश आणि ट्रेल १० सेंटिमीटरच्या आसपास असतो. आरामात रेलून चालवायच्या क्रूझरला रेक तिशीच्या आगेमागे. चॉपरवाले चाळिशी ओलांडतात.

आता हिशेब करू. टी म्हणजे शॉकअप स्टीअरिंगच्या दांडीला जोडणारा भाग, आणि तिच्यामुळे चाक दांडीच्या रेषेच्या जितकं पुढे जातं तो ऑफसेट. चाकाची त्रिज्या ३४ सेंमी, ऑफसेट ५ सेंमी धरा. रेक २७ अंश असेल तर ट्रेल येतो १२ सेंमीच्या जरा आत. टी ज्यात बसते तो चेसिसचा पाइप कापून ४५ अंशांवर वेल्ड केला आणि बाकी काही बदललं नाही, तर ट्रेल २७ सेंमी. सव्वादोन पट! हायवेवर ही गाडी रुळावरून चालल्यासारखी जाते. वेग कमी झाला की तीच गाडी वैरीण होते. हँडल थोडं वळवलं की नाक खाली येतं आणि हँडल त्याच बाजूला आणखी पडायला बघतं. वरच्या मापांत ही ओढ २७ अंशांच्या गाडीच्या जवळजवळ तिप्पट भरते. सिग्नलला मनगटं बोलायला लागतात ती यामुळे.

दुसरी गोष्ट शॉकअपची. खड्ड्याचा धक्का खालून वर येतो असं धरा. २७ अंशांना त्यातला ८९ टक्के भाग शॉकअपच्या रेषेत जातो, म्हणजे शॉकअप दबतो. ४५ अंशांना ७१ टक्केच जातो, आणि नळीला वाकवणारा भाग ४५ टक्क्यांवरून ७१ वर चढतो. लांब नळी, वर वाकवणारा धक्का. शॉकअप दबण्याऐवजी अडकतो आणि मार सरळ हाताला बसतो.

पण डुगडुग, इथे तुमच्या शिल्पाच्या सिद्धान्ताला खोट आहे. यावर उपाय आहे, आणि जाणते बिल्डर तो वापरतात. टीच्या वरच्या-खालच्या प्लेटा अशा बनवतात की शॉकअप दांडीपेक्षाही पाच-सहा अंश जास्त पुढे झुकतात. ९० सेंमीचा शॉकअप ५ अंश पुढे काढला की ॲक्सल आठेक सेंमी पुढे सरकतो आणि २७ चा ट्रेल १६ वर येतो. १६ म्हणजे मोठ्या क्रूझरच्या जवळपास. दिसायला गाडी आणखीच अघोरी, चालवायला मात्र आधीपेक्षा कितीतरी माणसाळलेली. फोटोवरून निकाल देता येत नाही तो यासाठी.

निरभ्र

+१. धाग्याचं चीज झालं. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

डुगडुग

लेथमशीन, वाचून मजा आली. पण १६ सेंमी ट्रेल असला तरी दोन चाकांमधलं अंतर तेवढंच लांब राहणार ना? आपल्या गाड्यांचं १.४ मीटर असतं, यांचं दोन मीटर आणि वर. वळायला रस्ता तेवढ्याच प्रमाणात जास्त लागणार. आणि गतिरोधक? पोट घासणार. म्हणजे 'माणसाळलेली' हे रिकाम्या रस्त्यापुरतंच.

लेथमशीन

बरोबर. वळणाचा हिशेब प्लेटा बदलून सुटत नाही. लांबी ती लांबीच.

मिनेसोटावाला

इथे मुंबई-पुणेकर नाही, बर्फातला माणूस लिहितो आहे. चार महिने गाडी चालते, आठ महिने गॅरेजात पुसली जाते. त्यामुळे असल्या गाड्या बघायला आणि दोस्तांच्या चालवायला भरपूर मिळाल्या.

डुगडुग यांचा संशय निराधार नाही. साउथ डकोटात स्टर्जिसला दर ऑगस्टमध्ये मोठी रॅली भरते, १९३८ पासूनची. तिकडे जाताना इंटरस्टेट हायवेवर पिकअपमागे ट्रेलर आणि ट्रेलरवर चकाकणाऱ्या गाड्या अशी रांग लागलेली असते. गावाच्या अलीकडे पार्किंग गाठायचं, गाडी उतरवायची, शेवटचे थोडे मैल मोठ्या रुबाबात चालवत यायचं. त्यांना 'ट्रेलर क्वीन' म्हणून चिडवतात. चिडवणारे स्वतः कधी कधी ट्रेलर घेऊन आलेले असतात ते सोडा.

पण त्याच रॅलीत आयोवाहून आलेल्या एका म्हाताऱ्याची गाडी बघितली. सत्तरच्या दशकातल्या धाटणीचं लांब नाक, मागे शॉकअप नाही, सीटखाली दोन जाड स्प्रिंगा, टाकीखाली तेलाचे ओघळ. बोचकं हँडलला बांधलेलं. तो सगळा रस्ता चालवत आला होता आणि चालवत परत जाणार होता. मी विचारलं, कंबर? म्हणाला, दर तासाला पेट्रोल भरायला थांबावंच लागतं, तेव्हा कंबर मोकळी होते. हार्लेच्या स्पोर्टस्टरच्या धर्तीच्या त्या शेंगदाणा टाकीत साडेआठ लिटरच्या आसपास पेट्रोल मावतं. म्हणजे टाकी लहान असणं हा त्याच्या लेखी सोयीचा भाग!

त्या भागात आयर्न माउंटन रोड म्हणून रस्ता आहे. १७ मैलांत ३१४ वळणं, शिवाय अरुंद बोगदे आणि स्वतःभोवती गिरकी घेणारे लाकडी पूल. लांब चॉपरवाला तिथे दिसला की मागची सगळी रांग त्याच्या वेगाने चालते. सरळ हायवेवर मात्र तोच माणूस कुणाचं ऐकत नाही. ही गाडी त्या भूगोलातून आलेली आहे हे विसरू नका. कॅलिफोर्निया, नेवाडा, तासन्‌तास सरळ रस्ता, पाऊस नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या पोरांनी हार्लेचे मडगार्ड कापून, नको ते काढून गाडी हलकी केली ती आधी वेगासाठी. ते बॉबर. नाक लांब करण्याचं वेड साठीच्या दशकातलं.

आणि एक आवर्जून सांगतो. १९६९ च्या 'ईझी रायडर'मधली ती झेंड्याच्या रंगाची चॉपर जगाला माहीत आहे, पण ती घडवण्यामागे बेन हार्डी आणि क्लिफ वॉज हे दोन कृष्णवर्णीय होते हे नाव घेऊन सांगायला अमेरिकेला बरीच वर्षं लागली. पोलिसांच्या लिलावातल्या जुन्या हार्लेंपासून त्या गाड्या बनल्या. त्या गाडीला पुढे ब्रेक नव्हता. डुगडुग, तुमच्या फोटोतली गाडी त्याच खानदानातली.

वजनाबद्दल: टेनेसीत डायर्सबर्गला बॉस हॉस नावाची कंपनी १९९० पासून शेव्हरोलेचं व्ही-८ इंजिन घातलेल्या मोटरसायकली बनवते. ५०० किलोच्या वर वजन, म्हणून रिव्हर्स गिअर. एका परिचिताची थोडी चालवली. ताशी ५० मैलांना वजन कळतच नाही. पार्किंगमध्ये उतारावर नाक करून लावली तर देवाचं नाव घ्यायचं. तो ती घेऊन आरामात दुसऱ्या राज्यात जातो. नाकाचा कोन साध्या क्रूझरसारखा आहे, तिथेच सगळी मेख आहे. अघोरी इंजिन एक वेळ परवडतं, अघोरी नाक नाही.

मुक्ता_घाटवळण

सगळे गाडीची मापं काढताहेत, चालवणाऱ्याची कुणी काढेना.

माझी उंची पाच फूट एक इंच. मला बुटक्या गाड्या आवडतात कारण पाय टेकतात. ॲव्हेंजर याच कारणासाठी कितीतरी मुलींची पहिली मोठी गाडी झाली. पण कस्टमवाले गाडी बुटकी करतात आणि त्याच दमात फुटरेस्ट एक फूट पुढे ढकलतात, हँडल डोक्याच्या वर नेतात. म्हणजे पाय टेकतो, पण गिअर टाकायला सीटवरून पुढे घसरावं लागतं. हँडल पूर्ण वळवलं की लांबचा हात पुरत नाही. यू-टर्नच्या ऐन मध्यावर क्लच सुटला तर काय होतं ते ज्याचं झालंय त्याला विचारा.

उंच हँडलची आणखी एक गंमत. वारा सगळा छातीवर. ताशी ८० च्या पुढे तुम्ही हँडलला धरलेलं नसतं, लटकलेले असता. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हँडलच्या उंचीवर कायदा आहे तो उगाच नाही.

आणि ३०० चा टायर! मित्राच्या गाडीवर बसून एक फेरी मारली आहे (तळेगावच्या पुढे, रस्ता मोकळा). तो टायर मधे सपाट असतो. गाडी कलवली की जमिनीला टेकणारी जागा मधून सरकून पार कडेला जाते आणि तिथून ती गाडीला पुन्हा उभी करायला बघते. वळण संपेपर्यंत हँडलवर दाब धरून ठेवायचा. घाटात एकामागून एक वळणं आली की हे ढकलणं थांबतच नाही. खंडाळ्यात मजा येणारी गाडी ही नव्हे.

तरी विकत घेणाऱ्याला नावं ठेवणार नाही. लग्नातला शालूही कुणी भाजी आणायला नेसत नाही.

काकाश्री

शालू वर्षातून एकदा तरी नेसतात. आमच्या सोसायटीतली ती कस्टम गाडी तीन पावसाळे कव्हरखालीच आहे. कव्हर मात्र दोनदा बदललं. (हलके घ्या.)

म्हापशेकार

इंडिया बाइक वीक हा बाइकवाल्यांचा मेळा २०१३ पासून बघतो आहे. तिथे उभ्या केलेल्या गाड्या आणि तिथे चालवत आलेल्या गाड्या असे दोन वेगळे मेळे एकाच मैदानात असतात. पहिल्यांभोवती मोबाइल, दुसऱ्यांभोवती फिटर.

पण आमच्या गोंयातली जुनी गोष्ट सांगतो. हणजुण्याला जे परदेशी येऊन राहिले, त्यांनी बुलेटी घेतल्या आणि कापल्या. मडगार्ड कापले, सीट एकट्यापुरती आणि खाली, हँडल उंच. दिसायला अगदी वाया गेलेली गाडी. पण बुधवारच्या बाजाराला तिच्यावरूनच जायचं, पेडण्याला तिच्यावरूनच, पुढे हंपीलाही तिच्यावरूनच. म्हणून त्यांनी शोभेचं सगळं बदललं आणि टीला सहसा हात लावला नाही. लेथमशीनबाब सांगतात ते त्यांना आकड्यांत माहीत नसेल, पण रेतीत गाडी पडली की समजतंच.

रॉयल एनफिल्डने २०२४ मध्ये गोवन क्लासिक ३५० काढली ती याच चालीवर. पांढऱ्या पट्ट्याचे टायर, उंच हँडल, साडेसातशे मिलिमीटरवर सीट. मागची सीट काढता येते. इंजिन तेच ३४९ सीसीचं. नाक जाग्यावर आहे, वॉरंटी आहे, आरटीओला काही विचारायला नको. जुने लोक नाक मुरडतात की कंपनीने बंडखोरी शोरूममध्ये मांडली. मुरडू देत. पावसात माझ्या भाच्याला मी कापलेली बुलेट देणार नाही, ही देईन.

जाता जाता, पावसाळ्यात मडगार्ड नसलेली गाडी चालवून बघा. पाठीवर चिखलाची जी रेघ उठते ती आईने बघितली की घरात घेत नाही.

कलमबहाद्दर

एवढे प्रतिसाद झाले आणि आरटीओचं नाव आत्ता निघालं, धन्य.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीत नोंदलेला तपशील आणि कंपनीने दिलेली मूळ रचना यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द पुन्हा वाचा. लांब शॉकअप, कापलेली चेसिस, रुंद टायरसाठी बदललेला मागच्या चाकाचा चिमटा... तुमच्या फोटोतली गाडी पुण्यात आली तर पोलिसाला पावतीपुस्तक नवीन मागवावं लागेल.

रंग बदलणं हा वेगळा विषय, तो आरटीओला कळवून आरसीत चढवता येतो. सायलेन्सरचा आणखी वेगळा. आवाजाच्या नियमाचा भंग म्हणजे दहा हजारांपर्यंत दंड आणि लायसनही तीन महिने जातं. फटाके फोडणाऱ्या बुलेटवाल्यांनी नोंद घ्यावी.

आता कुणी म्हणेल, मग मी स्वतःची गाडी कंपनीसारखी बनवून विकतो. विका की. त्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम बघा आणि मंजुरीसाठी एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी पास करा. पुणेकरांना ती टेकडीवरची संस्था माहीत आहे. एका गाडीसाठी तो खर्च कुठल्याही गॅरेजला झेपत नाही. म्हणून आपल्याकडचे नावाजलेले कस्टम बिल्डर ज्या सुंदर गाड्या बनवतात त्यांतल्या बऱ्याच प्रदर्शनात, जाहिरातीत आणि खासगी जागेत फिरतात.

श्टुटगार्टकर

इथे जर्मनीत उलटी तऱ्हा. बदल करायला बंदी नाही, पण प्रत्येक बदल टीयूव्ही या तपासणी संस्थेच्या तपासनीसाला दाखवून गाडीच्या कागदांत नोंदवायचा. हँडल बदललं, नोंदवा. टायर रुंद केला, नोंदवा. काही भागांसोबत मंजुरीचा कागदच मिळतो, तो गाडीत ठेवला की काम झालं. तपासनीस स्वतः गाडी चालवून बघतो, हँडल डोलतंय का, ब्रेक कसा लागतो. माझ्या शेजाऱ्याची चॉपर त्याने परत पाठवली होती, शॉकअपच्या नळ्या वाकतात म्हणून. शेजारी चिडला, वर्षभर खर्च केला, परत गेला. आता ती गाडी ऑटोबानवर ताशी १२० ने जाते आणि मी तिच्या मागे बसलो आहे.

गाडी अघोरी आहे की नाही याच्याशी त्या माणसाला देणंघेणं नसतं. वळते का, थांबते का, एवढंच. आपल्याकडे अशी खिडकीच नाही. चांगलं वेल्डिंग करणारा आणि भंगार वेल्डिंग करणारा दोघंही सारखेच बेकायदा, मग चांगलं करायची सक्ती कुणाला?

कलमबहाद्दर

शेवटच्या वाक्याला वकील म्हणून काही बोलता येत नाही, रायडर म्हणून अनुमोदन.

निरभ्र

अवांतर: तुम्ही सगळे टोकाची कस्टम गाडी म्हणजे चॉपरच धरून चाललाय. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगाणींनी १९९० च्या दशकात बुलेटचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकं आणि औतं जोडता येतील अशी जोडणी केली. बुलेट सांती म्हणतात. नांगरणी, कोळपणी, पेरणी सगळं त्या गाडीवर. बैलजोडी परवडत नाही आणि ट्रॅक्टर तर नाहीच, अशा शेतकऱ्यासाठी. सौराष्ट्रातला छकडाही तसाच, पुढून बुलेट आणि मागून टेम्पो, वर माणसं आणि कापूस.

टोमाहॉकपेक्षा हिचा आकार काही कमी अघोरी नाही. प्रॅक्टिकल का विचारलंत तर अमरेलीला जाऊन विचारा.

डुगडुग

हा बाउन्सर होता. सांतीला यू-टर्नला शेत मिळतं, माझा मुद्दा शाबूत आहे :)

कृष्णाकाठचा

नवीन सभासद, सांगलीहून. हा धागा वाचून झोप उडाली आहे. मी मागच्या महिन्यात सेकंडहँड बुलेट घेतली, आधीच्या मालकाने 'चॉपर लूक' करून घेतलेली. चेसिस कापलेली नाही, तसं त्याने शपथेवर सांगितलं आणि मीही बघितलं, जोड कुठे नाही. फक्त शॉकअप जास्त पुढे आलेत. शहरात एकदम हलकी वळते, उलट साध्या बुलेटपेक्षा सोपी. पण सत्तरच्या पुढे हँडल थरथरायला लागतं. गॅरेजवाला म्हणतो, कोनसेट (स्टीअरिंगच्या दांडीची बेअरिंग) बदला. लेथमशीन काका, काय करू?

लेथमशीन

आधी एक करा. सत्तरच्या पुढे नेऊ नका. पन्नासच्याही नको.

चेसिस कापलेली नाही आणि शॉकअप पुढे, म्हणजे मी वर सांगितलेल्या वाकड्या प्लेटा मूळ चेसिसवर बसवल्या असणार. त्या प्लेटा ट्रेल कमी करण्यासाठी असतात. ४५ अंशांच्या गाडीत २७ चा १६ करतात ते ठीक. तुमच्या गाडीत मुळातच १२ च्या आसपास असणार, त्यातून आठ-नऊ गेले की उरतात तीन-चार. शहरात हलकी वळते ती याच कारणाने, आणि थरथरते तीही. कोनसेट सैल असेल तर तोही बघा, पण नवीन कोनसेटने ट्रेल वाढत नाही.

मोजून बघा. गाडी सपाट फरशीवर मधल्या स्टँडवर नको, दोघांनी धरून दोन्ही चाकांवर सरळ उभी करा. हँडल सरळ. गवंड्याचा ओळंबा घ्या आणि पुढच्या ॲक्सलच्या मधून सोडा, फरशीवर खडूने खूण. मग सरळ अँगल किंवा दोरी स्टीअरिंगच्या दांडीच्या रेषेत धरून जमिनीपर्यंत आणा, दुसरी खूण. दांडीच्या रेषेत म्हटलंय, शॉकअपच्या नव्हे. इथेच सगळे चुकतात. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. दुसरी खूण पहिलीच्या पुढे असायला हवी. मागे आली तर गाडी ढकलत गॅरेजला न्या.

कृष्णाकाठचा

काका, मोजलं. भावाने गाडी धरली, ओळंबा शेजारच्या बांधकामावरून आणला. साडेतीन सेंमी भरतंय. दोनदा मोजलं.

मिनेसोटावाला

साडेतीन! चालवू नकोस मित्रा. इथे याच कारणाने गेलेल्या माणसांची नावं मला माहीत आहेत. प्लेटा सुंदर, बिल्डर नवखा, चेसिस मूळची.

लेथमशीन

मूळ टी आणि मूळ लांबीचे शॉकअप परत बसवा, दुसरा मार्ग नाही. चेसिस कापून कोन वाढवू का असं विचारणार असाल तर विचारू नका.

टी घेताना गाडीचं मॉडेल आणि वर्ष नीट सांगा. डिस्क ब्रेकच्या आणि ड्रमच्या शॉकअपचा खालचा भाग वेगळा असतो. जुनी टी घेतलीत तर दांडी लेथवर फिरवून सरळ आहे का बघा, अपघाताच्या गाडीची असली तर वाकलेली असते. कोनसेट मात्र नवीनच टाका, आणि तो घट्ट आवळू नका. पुढचं चाक उचललं की हँडल बोटाने दोन्हीकडे पडलं पाहिजे.

कलमबहाद्दर

आणि कृष्णाकाठचा, इन्शुरन्सच्या कागदात बदल कळवलेला नसेल तर आत्ताच्या अवस्थेत काही झालं तरी दावा वादात अडकेल. आरसी ट्रान्सफर झाली का? झाली नसेल तर गाडी मूळ रूपात आणा, मगच इन्स्पेक्शनला न्या.

कृष्णाकाठचा

ट्रान्सफर व्हायची आहे. आधीचा मालक म्हणतो, मूळ शॉकअप त्याच्या माळ्यावर पडलेत, टीचं आठवत नाही. उद्या जाऊन बघतो. त्या वाकड्या प्लेटांचं काय करू, विकू का?

लेथमशीन

विकू नका. दुसऱ्या कुणाच्या तरी मूळ चेसिसवर बसतील. भंगारात द्यायच्या तर आधी ग्राइंडरने मधोमध कापून द्या.